क्रम तोच, निकाल वेगळा

प्रश्न : मी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींची तुलना करून मी सुमारे वीस हजार जनुकांना प्रत्येकी एक गुण दिला. औषधाने जनुकाचे काम वाढले असेल तर गुण धन, घटले असेल तर ऋण. ही यादी जीन सेट एनरिचमेंट ॲनालिसिसला, म्हणजे जीएसईएला दिली आणि निकाल मिळाले. पुढे एका आलेखासाठी ऋण आकडे अडचणीचे होते, म्हणून सगळ्या गुणांत एकच आकडा मिळवला आणि त्या यादीवर जीएसईए पुन्हा चालवले. वर्गातल्या सगळ्यांना दहा-दहा ग्रेस मार्क दिले तरी पहिला आलेला पहिलाच राहतो. तसा इथेही एकाही जनुकाचा क्रम बदलला नव्हता. तरीही काही जनुकसंच निकालातून गळाले, काही नवे आले आणि एका संचाचे तर चिन्हच उलटले. क्रमावर चालणाऱ्या पद्धतीत असे कसे होते? चूक सॉफ्टवेअरची की माझी?
— एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सॉफ्टवेअर निर्दोष आहे. ‘जीएसईए क्रमावर चालते’ ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. प्रशिक्षण वर्गांत ही पद्धत अशीच शिकवली जाते आणि बहुतेकांचे काम त्यावर भागूनही जाते. गुणांत कुणी आकडा मिळवला की उरलेले अर्धे समोर येते.

ही पद्धत कशासाठी निघाली ते आधी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिच्या जन्मकथेतच आहे. जुलै २००३मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये वंशी मूथा आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी ४३ पुरुषांच्या स्नायूंचे नमुने तपासले होते. त्यांतले १७ जण साखरेच्या बाबतीत निरोगी होते, ८ जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते आणि १८ जणांना टाइप-२ मधुमेह होता. जनुके एकेक करून तपासली तेव्हा निरोगी आणि मधुमेही यांच्यात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा फरक एकाही जनुकात सापडला नाही. मग त्यांनी एकत्र काम करणाऱ्या जनुकांचे १४९ संच घेतले आणि प्रत्येक संच क्रमवारीत एका टोकाकडे झुकतो का, ते पाहिले. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या, ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनच्या जनुकांची पातळी मधुमेहींमध्ये साधारण २० टक्क्यांनी घटलेली निघाली. एका जनुकात २० टक्के घट म्हणजे काहीच नाही. पण संचातली बहुतेक जनुके एकाच दिशेला गेली तर तो योगायोग उरत नाही.

त्या पहिल्या आवृत्तीत खरोखरच फक्त क्रम पाहिला जाई. यादीच्या माथ्यापासून एकेक जनुक घेत खाली उतरायचे. जनुक आपल्या संचातले असेल तर चालू बेरजेत ठरावीक भर घालायची, नसेल तर ठरावीक वजाबाकी करायची. शेवटी बेरीज शून्यावर येते. वाटेत ती शून्यापासून जास्तीत जास्त जितकी दूर गेली, तितका त्या संचाचा एनरिचमेंट स्कोअर. तुमची ग्रेस मार्कांची उपमा या आवृत्तीला तंतोतंत लागू पडली असती. गुणांत शंभर मिळवा की हजार, स्कोअर जागचा हलला नसता.

पण या साधेपणाची एक किंमत होती. एखाद्या संचातली जनुके यादीच्या अगदी मध्यावर, म्हणजे ज्यांच्यात काहीच बदल झालेला नाही अशा भागात दाटीवाटीने बसली असली, तरी त्या संचाला मोठा स्कोअर मिळे. न बदललेल्या जनुकांचा संच ‘लक्षणीय’ ठरणे हे जीवशास्त्राच्या दृष्टीने हास्यास्पदच होते. म्हणून ऑक्टोबर २००५मध्ये ‘पीएनएएस’मध्ये अरविंद सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी पद्धत सुधारून मांडली. संचातले जनुक भेटल्यावर पडणारी भर आता सगळ्यांना सारखी राहिली नाही. जनुकाच्या गुणाचे चिन्ह सोडून उरणारी किंमत हे त्याचे वजन झाले, आणि संचाच्या एकूण वजनात त्याचा जेवढा वाटा, तेवढीच भर. संचाबाहेरच्या जनुकांची वजाबाकी मात्र पूर्वीसारखीच, सगळ्यांना समान. आज तुम्ही एकही बटण न बदलता जीएसईए चालवता तेव्हा हीच वजनदार आवृत्ती चालते.

चिन्ह सोडून उरणारी किंमत म्हणजे काय? शून्यापासूनचे अंतर. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांत आहे. क्रम ठरवताना गुणांतले आपसातले अंतर पुरते, शून्य कुठे आहे याने फरक पडत नाही. वजन ठरवताना मात्र शून्यच मोजपट्टीचा आरंभ असतो. सगळ्या गुणांत एक आकडा मिळवला की आरंभबिंदू सरकतो आणि प्रत्येक जनुकाचे वजन बदलते. आणि ते सारख्या प्रमाणात बदलत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल असे एक उदाहरण पाहू. समजा दहाच जनुके आहेत आणि त्यांचे गुण वरून खाली असे : ४, ३, २, १, ०.५, −०.५, −१, −२, −३, −४. आपल्या संचात तीन जनुके आहेत : पहिले (४), नववे (−३) आणि दहावे (−४). वजने ४, ३ आणि ४, एकूण ११. पहिल्याच जनुकावर बेरीज ४ भागिले ११, म्हणजे ०.३६ होते. पुढची सात जनुके संचाबाहेरची. प्रत्येकी एक-सप्तमांश वजा होत बेरीज −०.६४ वर येते. मग नववे आणि दहावे जनुक तिला पुन्हा शून्यावर आणतात. सर्वांत दूरचा बिंदू −०.६४. निष्कर्ष : हा संच घटलेला आहे. तीनपैकी दोन जनुके तळाशी आहेत, तेव्हा हे पटण्यासारखे आहे.

आता प्रत्येक गुणात ३ मिळवा. संचातल्या जनुकांचे गुण झाले ७, ० आणि −१. वजने ७, ० आणि १. एकूण ८. पहिल्याच पायरीला बेरीज ०.८७५. सात वजाबाक्या झाल्यावर ती −०.१२५ पर्यंतच पोचते. सर्वांत दूरचा बिंदू आता +०.८७५. तोच संच, तोच क्रम, आणि निष्कर्ष मात्र ‘जोरदार वाढलेला’. तुमच्या ज्या संचाचे चिन्ह उलटले, त्याचे असेच काहीसे झाले असणार : मूठभर जनुके माथ्याला, बाकीची तळाला, आणि शून्य सरकल्याने तळाच्या मंडळींचे वजन काढून घेतले गेलेले.

गंमत इथे संपत नाही. तीनऐवजी फक्त १ मिळवला तर वजने होतात ५, २ आणि ३. बेरीज वर +०.५ ला जाते आणि खाली −०.५ ला, म्हणजे अगदी बरोबरी! आणि तब्बल १००० मिळवले तर? वजने १००४, ९९७ आणि ९९६, जवळजवळ सारखीच. स्कोअर परत ऋण होतो, सुमारे −०.६७. म्हणजे संच आधी घटलेला होता, मग वाढलेला झाला, मग पुन्हा घटलेला. मिळवलेला आकडा खूप मोठा असेल तर सगळ्यांची वजने समान होतात आणि तुम्ही नकळत २००३च्या वजनरहित आवृत्तीकडे परतता, तिच्या जुन्या दोषासकट. ‘थोडेसेच सरकवले’ किंवा ‘भरपूर सरकवले’ यांपैकी कोणते कमी धोक्याचे, याचा काही सरळ नियम नाही.

हेच गुण मिळवण्याऐवजी दहाने गुणले असते तर काहीही झाले नसते. वजने दसपट होतात, एकूण वजनही दसपट होते, वाटे तेच राहतात. गुणाकार चालतो, बेरीज चालत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

दहा जनुकांचे उदाहरण मुद्दाम ताणलेले आहे असे कुणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. म्हणून खऱ्या मापाचेही एक पाहू. वीस हजार जनुकांच्या यादीत शंभर जनुकांचा संच आहे. त्यातली २० जनुके तळाशी, गुण साधारण −४. उरलेली ८० यादीभर सारखी विखुरलेली, आणि त्यांचे गुण शून्याच्या अल्याडपल्याड ०.१ च्या आसपास. तळाच्या वीसांचे वजन ८०, बाकी ऐंशींचे मिळून फक्त ८. स्कोअर सुमारे −०.९१, म्हणजे स्पष्ट संकेत. आता सगळ्या गुणांत अवघा अर्धा मिळवा. तळाच्यांचे वजन ८० वरून ७० झाले. फार काही गेले नाही. पण निष्क्रिय ऐंशींचे ८ वरून ४० झाले, पाचपट! स्कोअर −०.६४ वर आला. नुकसान झाले ते बलवान जनुके कमजोर झाल्याने नव्हे, तर ज्यांना बोलायचेच काही नव्हते त्यांना आवाज मिळाल्याने. अर्धा मिळवण्याऐवजी वजा केला असता तरी हेच होऊन स्कोअर −०.६९ च्या आसपास आला असता. आणि नेमके ४ मिळवले तर तळाच्या वीस जनुकांचे वजन शून्य होऊन संकेत पार पुसला जातो.

इथे एक सावधगिरी हवी. एनरिचमेंट स्कोअर पडला म्हणजे पी-व्हॅल्यूही तेवढीच बिघडेल असे नाही. तुम्ही तयार क्रमवारी देता तेव्हा सॉफ्टवेअर त्याच यादीतून त्याच आकाराचे यदृच्छ संच काढते आणि त्यांच्या स्कोअरशी तुलना करते. यादी सरकवली तर तेही सरकलेल्या वजनांवरच बेतलेले असतात. वजने जितकी समान, तितके यदृच्छ संचांचे स्कोअरही शून्याच्या जवळ गोळा होतात. त्यामुळे प्रमाणित स्कोअर, ज्याला आपण एनईएस म्हणतो, कधीकधी मूळ स्कोअरइतका पडत नाही, आणि एखाद्या संचाचा चक्क वधारतोही. काही संच गळाले आणि काही नवे आले ते यामुळेच. त्याच ओघात ‘लीडिंग एज’, म्हणजे स्कोअर धन असेल तर बेरीज टोकाला पोचेपर्यंत आणि ऋण असेल तर त्यानंतर भेटलेली, निकालाचा भार वाहणारी जनुके, तीही बदलतात, कारण टोकच दुसरीकडे जाते. निबंधात त्या जनुकांची नावे घेऊन चर्चा करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मग सगळे गुण धन करून घेणे नेहमीच चूक का? जीएसईए चालवणाऱ्या एफजीएसईए या पॅकेजात फक्त धन गुणांसाठी वेगळा पर्याय दिलेला आहे. शिवाय मी झेड-स्कोअर काढताना सरासरी वजा करते, तेही सरकवणेच झाले की!

उत्तर : दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो अधिक चांगला आहे. होय, सरासरी वजा करणे हे सरकवणेच. जनुकांच्या यादीची सरासरी शून्य नसेल, आणि ती बहुधा नसतेच, तर झेड-स्कोअर काढल्याने ‘बदल नाही’ची रेघ हलते. किमान शून्य आणि कमाल एक अशा पट्टीत गुण बसवणे त्याहून वाईट : त्यात सर्वांत जास्त घटलेल्या जनुकाचे वजन शून्य होते आणि मुळीच न बदललेल्या जनुकाला साधारण अर्धे वजन मिळते. यंत्रशिक्षणाच्या कामात ही सवय निरुपद्रवी असेल. इथे ती घातक आहे.

मात्र सरकवणे कुठे होते हेही पाहायला हवे. मूळ मोजमापाच्या लॉग आकड्यांत, दोन्ही गटांत, सारखाच आकडा मिळवला तर दोन गटांतला फरक तसाच राहतो आणि जीएसईएला काही कळतही नाही. दोष आहे तो फरक काढून झाल्यावर त्या फरकात आकडा मिळवण्यात.

एफजीएसईएचा पर्याय वेगळ्या कारणासाठी आहे. काही गुणांना दिशाच नसते. उदाहरणार्थ, चिन्ह न लावलेला पी-व्हॅल्यूचा ऋण लॉग. तिथे शून्य म्हणजे ‘काही पुरावा नाही’ आणि वर म्हणजे ‘भरपूर पुरावा’. अशा यादीत एकाच टोकाकडे पाहणे रास्त आहे, फक्त ‘वाढले की घटले’ हे त्यातून विचारू नये. सगळे आकडे धन दिसले की एफजीएसईए तशी सूचनाही देते. तुमच्या यादीला दिशा होती आणि ती तुम्ही मिळवलेल्या आकड्याखाली झाकली गेली. ‘फक्त धन’ पर्याय निवडून सूचना बंद झाली असती, पण घटलेले संच शोधणेही त्याबरोबर बंद झाले असते. सूचना दिसल्यावर ती कशी घालवायची हे शोधण्याआधी ती का आली हे पाहणे बरे.

प्रश्न : शून्य नेमके कुठे आहे हे तरी कुणी ठरवायचे? सगळीच जनुके खरोखर वाढली असतील तर?

उत्तर : हा तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. तो नुसता तर्काचा खेळ नाही, प्रत्यक्षात असे घडते. २०१२मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात रिचर्ड यंग यांच्या गटाने दाखवले की सी-मिक हे प्रथिन भरपूर असलेल्या पेशी एकूण आरएनएच दोन ते तीन पट बनवतात. नेहमीची सामान्यीकरणाची रीत दोन्ही नमुन्यांतला एकूण आरएनए सारखा आहे असे धरून चालते. त्यामुळे ही सार्वत्रिक वाढ पुसली जाते, आणि जी जनुके जरा कमी वाढली ती चक्क ‘घटलेली’ दिसतात. पेशी मोजून, प्रत्येक नमुन्यात बाहेरून ठरावीक प्रमाणात आरएनए मिसळले तरच खरे शून्य हाती लागते. दोन ते तीन पट म्हणजे दोनच्या पायाच्या लॉगमध्ये साधारण १ ते १.६. अर्ध्या आकड्याने काय होते ते आपण वर पाहिले; हा त्याच्या किमान दुप्पट सरकाव आहे.

मग अशा वेळी जीएसईएला सरकलेले खरे गुण द्यावेत का? माझे मत : नाही, मध्यक शून्यावर आणून द्यावेत. जीएसईए ज्या तऱ्हेने बांधले आहे त्यात विचारला जाणारा प्रश्न ‘हा संच वाढला का’ असा नसून ‘हा संच बाकीच्यांपेक्षा जास्त वाढला का’ असा आहे. त्या प्रश्नाचे शून्य म्हणजे बाकीच्यांची पातळी. सार्वत्रिक वाढ हा स्वतंत्र निष्कर्ष आहे. तो स्वतंत्रपणे, आकड्यासह नोंदवावा. याउलट मत असणारे लोक आहेत आणि त्यांचेही म्हणणे पोकळ नाही. पण मग त्यांनी रोस्टसारखी, संचाची तुलना थेट शून्याशी करणारी चाचणी वापरावी. जीएसईएच्या वजनांत ती माहिती दडवून पाठवू नये.

सरकवण्याची मुळीच पर्वा न करणाऱ्या पद्धतीही आहेत. २००५मध्येच मांडलेली पेज पद्धत संचाच्या सरासरीतून सगळ्या जनुकांची सरासरी वजा करते. लिम्मा या पॅकेजातली कॅमेरा चाचणीही संचाची तुलना संचाबाहेरच्या जनुकांशी करते. दोन्हींत मिळवलेला आकडा वजाबाकीत आपोआप कटतो. शंका आली की यांतली एक चालवून पाहावी.

आता तुमच्यासाठी काय करायचे ते. मिळवलेला आकडा वजा करून मूळ यादीवर परत या; आलेखासाठीची फाइल आणि विश्लेषणाची फाइल वेगवेगळ्या नावांनी ठेवा. डीसेक-टूची वॉल्ड स्टॅटिस्टिक किंवा लिम्माचा टी हा गुण वापरत असाल तर त्याचे शून्य आधीच अर्थपूर्ण आहे, त्याला हात लावू नका. यादीचा मध्यक पाहा. तो शून्यापासून लक्षात येण्याइतका दूर असेल तर सामान्यीकरणात काय झाले ते आधी शोधा. मग वजनाचा घातांक, म्हणजे वजन काढताना गुणाच्या किमतीला लावला जाणारा घातांक, एकदा १ आणि एकदा ० ठेवून जीएसईए दोनदा चालवा. शून्य घातांकावर क्रमाखेरीज काहीच मोजले जात नाही. दोन्हीकडे टिकणारे संच सरकवण्याला सहजी बळी पडणारे नाहीत. फक्त एकीकडे दिसणाऱ्या संचांचे चालू बेरजेचे आलेख स्वतः डोळ्यांनी पाहा : पाच-दहा जनुकांच्या उभ्या उड्यांवर सारा डोलारा उभा असेल, तर त्या जनुकांची नावे वाचा आणि मगच संचाचे नाव घ्या.

आणि प्रबंधाच्या ‘पद्धती’ प्रकरणात नुसते ‘जीएसईए केले’ असे लिहू नका. कोणता गुण वापरला, त्यातून काही वजा केले किंवा त्यात मिळवले का आणि वजनाचा घातांक किती ठेवला, या तीन गोष्टी लिहा. त्यांवाचून तुमचा निकाल दुसऱ्या कुणाला पुन्हा काढता येणार नाही.